झाडलोटीची पाटी

सोमवारी सकाळी फोल्कमार रेन्चलर यांनी वर्तमानपत्र घ्यायला दार उघडलं आणि दाराच्या मुठीला अडकवलेली लाकडी पाटी हिंदकळून त्यांच्या मांडीवर आपटली. पाटीवर जुन्या वळणाच्या अक्षरांत लिहिलेलं होतं, झाडलोटीचा आठवडा. बस, एवढंच. कृपया नाही, आभार नाहीत. रेन्चलर चपला घातलेल्या पायांनी तसेच उंबऱ्यात उभे राहिले आणि बघत राहिले. त्यांना पदकं मिळाली होती, राज्याचं मोठं पारितोषिक मिळालं होतं, झुरिकच्या विद्यापीठाने तर त्यांना झगा घालून व्यासपीठावर बसवलं होतं. पण ही पाटी पंचाहत्तरी उलटेपर्यंत त्यांच्या वाट्याला कधी आली नव्हती. स्टुटगार्टमध्ये जन्म काढून ही पाटी न मिळणं म्हणजे पोहायला न शिकता नावाडी होण्यासारखंच. लहानपणी आई होती. शिकताना घरमालकीण होती, ती दुसऱ्या कुणाला झाडूला हात लावू देत नसे. मग इर्मेला आली, आणि मग त्या दोघांनी टेकडीवर स्वतःचं घर बांधलं, तिथे जिना कुणाबरोबर वाटून घ्यायचा प्रश्नच नव्हता. शनिवारपर्यंत जिना लख्ख करायचा आणि पाटी शेजारच्या दाराला अडकवायची, हा रिवाज त्यांना माहीत होता, पण जसा दुसऱ्याच्या धर्मातला उपास माहीत असतो तसा. बिघडतंय काय, ते स्वतःशीच म्हणाले, जिना आपणच तर काढलाय. आणि हे म्हणताना त्यांना चक्क गुदगुल्या झाल्या.

कारण ते खरंच होतं. वास्तुविशारद म्हणून ही इमारत त्यांची पहिली. चाळिशी उलटली होती तिची. इर्मेला गेल्यावर टेकडीवरच्या घरात भिंतीसुद्धा एकमेकींशी बोलेनाशा झाल्या, तेव्हा मुलीने धोशा लावला की बाबा, खाली माणसांत राहायला या, आणि नेमकी इथे दुसऱ्या मजल्यावरची जागा विकायला निघाली. नशिबाने केलेली थट्टा त्यांना आवडली. ते वसंतात राहायला आले. सामान लावायच्या आधी ते खाली जाऊन तळमजल्यावरचा कोनाडा बघून आले. फाटकातून आत शिरलं की डाव्या हाताला भिंत आत वळलेली, त्यात ओकच्या लाकडाचं लांब बाक, वरून झिरपणारा उजेड. भेटीचा कोनाडा. येणाऱ्या-जाणाऱ्यांनी तिथे टेकावं, दोन शब्द बोलावेत, एकाच छपराखालची माणसं एकमेकांना परकी राहू नयेत, ही त्यांची तरुणपणीची कल्पना. खरं सांगायचं तर जन्मभराची एकच कल्पना. बाकी सगळं म्हणजे विटा आणि काँक्रीट. आणि येत्या शनिवारी, कपडे वाळवायच्या खोलीत इमारतीतल्या सगळ्या मालकांची सभा भरायची होती, आणि त्या कोनाड्याला दार लावून बाबागाड्या ठेवायची खोली करायची की नाही यावर मत घ्यायचं होतं.

हा प्रस्ताव पहिल्या मजल्यावरच्या स्वेन्याचा. तिला जुळी झाली होती, आणि ती दुहेरी बाबागाडी जिन्याच्या पहिल्या वळणावर अडकायची. लिफ्ट नव्हतीच. त्या वळणावर रेन्चलर यांच्या हातून झालेला एक घोटाळा होता. इमारत उतारावरची, आतला खडक मोजणीत दाखवला होता त्यापेक्षा पुढे आला, पाया घालताना ते कळलं, आणि मग घाईघाईत पायऱ्या त्रिकोणी कराव्या लागल्या आणि खडक झाकायला भिंतीला कमरेच्या वर येणारा सिमेंटचा एक ठोकळा बसवावा लागला. वर खिडकी. दिसायला भयंकर. फोटोग्राफर आला तेव्हा त्यांनी त्याला हाताला धरून दुसऱ्या बाजूला नेलं होतं. आता त्यांनी एक नामी तोड काढून सगळ्यांना कळवली होती: कोनाडा राहू द्या, मी तुम्हाला फुकट नकाशा काढून देतो, तो ठोकळा खडकासकट फोडा, भिंत सरळ करा, म्हणजे बाबागाडी थेट घरापर्यंत जाईल. एका दगडात दोन पक्षी. कोनाडा वाचेल आणि जुना डागही पुसला जाईल. सभेत एक तर हे होणार होतं, नाही तर ते. रेन्चलर भाषणाची तयारी करत होते. झुरिकला केलेलंच भाषण थोडं सोपं करून.

दुपारी त्यांनी झाडू आणि सुपली विकत आणली, आणि येताना ट्राममध्ये तो झाडू दोन गुडघ्यांत उभा धरून बसले असता त्यांना आपले सगळे कोनाडे ओळीने आठवले. विद्यार्थी त्यांना पाठीमागे कोनाडेवाले म्हणत, ते त्यांच्या कानावर होतं, आणि मनातून त्यांना ते आवडायचंही. लुडविग्सबुर्गजवळच्या शाळेत त्यांनी कोनाडा ठेवला. वर्षभरात पोरं तिथे सिगारेटी ओढतात म्हणून मुख्याध्यापकांनी त्याला जाळी ठोकली. एका बँकेत ठेवला. तिथे झेरॉक्सचं यंत्र आलं. एका गावच्या नगरभवनात ठेवला, आणि दहा वर्षांनी सत्काराला गेले तर तिथे निवडणुकीच्या पेट्यांची उतरंड. चर्चमधल्या कोनाड्यात तर पाद्रीबुवांनी घडीच्या खुर्च्या रचल्या होत्या, आणि वर मान करून म्हणाले होते, फार सोयीची जागा काढलीत हो, आम्हाला प्रश्नच पडला होता खुर्च्या कुठे ठेवायच्या. त्या दिवशी परतताना गाडीत इर्मेला खिडकीबाहेर तोंड करून हसत होती. तिचे खांदे हलत होते म्हणून कळलं. अंगाचा तिळपापड होऊन ते म्हणाले, माणसंच घडवायला हवीत आधी. ती म्हणाली, तू इमारतीच घडव, माणसांचं मी बघते. आत्ता झाडू धरून बसलेले असताना त्यांना तिचं ते हसणं इतकं स्पष्ट ऐकू आलं की समोरच्या बाईने कौतुकाने त्यांच्याकडे पाहिलं. तेही हसत होते.

आणि मग, ट्राम वळणावर कुरकुरली तेव्हा, या पहिल्या इमारतीच्या उद्घाटनाचा दिवस आठवला. बाकावर गादी घातली होती, मेणबत्त्या होत्या, लाल वाइन होती, गाजरासारखे लाल झालेले नगरपिते होते, आणि कोनाडा रिकामा होता. सगळे गेले कुठे म्हणून ते शोधत गेले तर सुताराची बायको, गवंडी, दोन पाहुणे आणि मधोमध इर्मेला, सगळी त्या घाणेरड्या वळणावर उभी, ठोकळ्यावर ग्लास टेकवून, येणाऱ्या-जाणाऱ्याची वाट अडवून. ते म्हणाले होते, अगं, बसायची सोय तिकडे केलीय. तर ती म्हणाली, तिथे बसलं की पाहुणं झाल्यासारखं वाटतं. त्यांना राग आला होता. बायकोनेच असं म्हणावं. नंतर पुष्कळ वर्षं मूग गिळून त्यांनी तो राग सांभाळला आणि मग तो कुठेतरी हरवला.

मंगळवारी ते जिना झाडायला निघाले. ते खाली गेले, फाटकापाशी उभे राहिले, दोन्ही हातांनी झाडू धरला, आणि पहिल्या पायरीपासून वर वर झाडायला लागले. चार-पाच पायऱ्या झाल्या असतील, तेवढ्यात वरून आवाज आला.

“आर्किटेक्टसाहेब, कचरा वर नेऊन कुणाला भेट देणार आहात?”

पहिल्या मजल्यावरच्या क्यूब्लरबाई कठड्यावरून वाकून बघत होत्या. नवऱ्याचं औषधाचं दुकान चालवून म्हाताऱ्या झालेल्या, अंगाने काटक, नजर अशी की खिशातलं खोकल्याचं औषधसुद्धा ओळखतील. रेन्चलर थांबले. खाली पाहिलं. मागच्या चारही पायऱ्यांवर नवी धूळ व्यवस्थित पसरली होती.

“पायऱ्या खालून वरच मोजतात,” ते म्हणाले.

“मोजा की. पण झाडायच्या वरून खाली. तुमच्या आईने सांगितलं नाही होय?”

“आईने मला झाडू हातात धरू दिला नाही.”

“तरी म्हटलं. चाळीस वर्षं या त्रिकोणी पायऱ्यांना शिव्या घालतेय मी. ज्याने काढल्या त्याने एकदा झाडून बघाव्यात, असं आमचे हे रोज म्हणायचे. वर बसून आता टाळ्या पिटत असतील.” आणि बाई आत न जाता उलट दोन पायऱ्या खाली उतरल्या, गंमत बघायला.

रेन्चलर यांना वाईट वाटायला हवं होतं. पण ऑक्टोबरचं ऊन खिडकीतून जिन्यात आलं होतं, लिंडनच्या झाडाची पिवळी पानं आत उडून येत होती, आणि कुणीतरी आपल्यावर असं मनापासून डाफरल्याला फार दिवस झाले होते. सगळे आदराने बोलायचे. आदराचा कंटाळा येतो, हे म्हातारपणीच कळतं. ते गुमान वर गेले आणि वरून खाली सुरुवात केली. कंबर बोलायला लागली. आपण आयुष्यभर कागदावर जी रेघ ओढत आलो, तिच्या दोन्ही बाजूंना धूळ बसते, हे त्यांना पायरीगणिक नव्याने कळत होतं. कागदावर कोपरा म्हणजे दोन रेघा भेटतात ती जागा. इथे कोपरा म्हणजे पानाचा तुकडा, केसांचा गुंता, कुणाच्या तरी ब्रेत्सेल-पावावरचं मीठ. झाडू आत जात नाही, काडी घालावी लागते. असं करत करत ते त्या वळणावर पोचले, आणि तिथल्या पहिल्या त्रिकोणी पायरीने त्यांना हात टेकायला लावले. शब्दशः. त्यांनी धापा टाकत सुपली ठोकळ्यावर ठेवली आणि स्वतः कोपर टेकून उभे राहिले.

खालून अक्सोय येत होते. हे तिसऱ्या मजल्यावरचे. मोटारीच्या कारखान्यात जन्म घालवून निवृत्त झालेले, आणि आता अंगणातल्या गुलाबांशिवाय कशातच न रमणारे. हातात कात्री. वळणावर येताच त्यांनी कात्री ठोकळ्यावर ठेवली. अशी ठेवली की जणू ठोकळा त्यासाठीच होता.

“दमलात?” अक्सोय म्हणाले.

“छे. विचार करतोय.”

“विचार करा. इथे सगळे विचारच करतात.” मग त्यांनी गुलाबावरच्या किडीचं सांगितलं, मग अंकाऱ्यातल्या बहिणीचा गुडघा, मग क्यूब्लरबाई तीन पायऱ्या खाली आल्या आणि म्हणाल्या की गुडघ्याला कोबीचं पान बांधा, त्यावर अक्सोय म्हणाले की माझी बहीण तिथे आहे आणि कोबी इथे, आणि बाई म्हणाल्या, तुमच्याशी बोलण्यात अर्थ नाही, आणि तिथून हलल्या मात्र नाहीत. स्वेन्या बाळांना कडेवर दोन बाजूंना घेऊन उतरली. अडली. कारण वाट नव्हती. तिने एक बाळ बाईंकडे दिलं आणि दुसरं, काही न विचारता, रेन्चलर यांच्या हातात कोंबलं. त्यांनी झाडू सोडला. बाळाने त्यांचा चष्मा ओढला. खिडकीतून खाली सगळं शहर वाटीत ठेवल्यासारखं दिसत होतं, द्राक्षमळे पिवळे झालेले, स्टेशनचा मनोरा, आणि चौघं जण अर्धा तास, कदाचित जास्तच, कशावर तरी बोलत राहिले. कशावर ते नंतर रेन्चलर यांना आठवेना.

सगळे गेल्यावर ते सुपली उचलायला गेले आणि तेव्हा ठोकळा त्यांना दिसला. म्हणजे पहिल्यांदाच दिसला. त्याची वरची कड गुळगुळीत झाली होती. सिमेंट इतकं झिजलं होतं की नदीतल्या गोट्यासारखं चमकत होतं. एका ठिकाणी नव्हे, तीन-चार ठिकाणी, माणूस उभा राहिला की कोपर जिथे येईल तिथे तिथे. त्यांनी बोट फिरवलं. मग पुन्हा कोपर ठेवून पाहिलं. बरोब्बर बसलं. ते तसेच, सुपली हातात घेऊन, खाली कोनाड्यापाशी गेले. बाकावरच्या कुंड्या बाजूला सारल्या. ओकच्या कडा सुताराने रंधा मारून ठेवल्या होत्या तशाच धारदार होत्या. वार्निशसुद्धा शाबूत.

ते त्या बाकावर बसले. पहिल्यांदाच बसले, हेही त्यांच्या लक्षात आलं. बसायला छान होतं. उजेड छान होता. आणि समोरून फाटकातून टपालवाला आला, त्याने त्यांना तिथे बसलेलं पाहिलं आणि अदबीने विचारलं, बरं नाही का वाटत? रेन्चलर म्हणाले, बरं आहे. तो गेला, पण जाताना दोनदा मागे वळून बघून गेला. या शहरात धडधाकट माणूस सकाळी बसलेला दिसला तर एक तर तो आजारी असतो नाही तर त्याला कामावरून काढलेलं असतं. हे त्यांना माहीत नव्हतं थोडंच. त्यांची आई उन्हात बसायची तेव्हासुद्धा मांडीवर शेंगा घेऊन बसायची, शेंगा संपल्या की उठायची. हातात झाडू असला की तासभर बोललं तरी ते कामच. आणि बाकावर दोन मिनिटं टेकलं की तो आळस. आपण आपल्याच माणसांसाठी परक्यांचं घर बांधत होतो की काय, असं त्यांच्या मनात आलं आणि तोंडात मारल्यासारखं झालं. तिथे बसलं की पाहुणं झाल्यासारखं वाटतं. एवढं सरळ सांगितलं होतं इर्मेलाने. आपण रागावत बसलो.

मग तीन दिवस त्यांना चैन पडेना. स्वतःच्याच ठोकळ्याचा मत्सर वाटावा, हे किती हास्यास्पद, पण वाटत होता खरा. गाजलेले कोनाडे, पुस्तकांतले कोनाडे, झगा मिळवून देणारे कोनाडे एकीकडे. आणि ज्याचा फोटोसुद्धा काढू दिला नाही ते कुरूप पोर एकीकडे, आणि सगळी माणसं त्याच्या अंगाखांद्यावर. ते नको इतके जिना झाडायला लागले. सकाळी झाडत, दुपारी झाडत. क्यूब्लरबाई म्हणाल्या, अहो, दगड झिजेल. पण त्यासुद्धा दर वेळी बाहेर येत. गुरुवारी बाईंनी, ठोकळ्यावर ब्रेत्सेलची पिशवी ठेवून, सहज सांगितलं की नवरा गेला त्या दिवशी दवाखान्यातून परतल्यावर त्या घरात गेल्याच नाहीत, या खिडकीशी उभ्या राहिल्या, आणि मग अक्सोय आले, आणि नुसते कोपर टेकून दिवे लागेपर्यंत उभे राहिले.

“मग हा ठोकळा फोडताना तुम्हाला काही वाटणार नाही?” रेन्चलर यांनी विचारलं.

“वाटणार तर. पण आम्ही तुमच्याच बाजूने मत देणार आहोत. स्वेन्याला पण समजावलंय. घर तुम्ही बांधलंय, तुमचा तो कोनाडा म्हणजे तुमचा जीव. या वयात माणसाचं मन मोडू नये.” आणि घाईने म्हणाल्या, “दुसरीकडे उभे राहू की आम्ही. जिना काय संपलाय का?”

रेन्चलर यांनी मान खाली घातली आणि नसलेली धूळ झाडली. त्या रात्री त्यांनी भाषणाचे कागद काढले आणि पुन्हा वाचले. छान होतं भाषण. शेवटाला तर झुरिकला लोक उभे राहिले होते. आता नुसतं गप्प राहिलं तरी पुरे होतं. कोनाडा वाचणार, पहिली इमारत जशीच्या तशी राहणार, डाग जाणार, आणि आपण गेल्यावर विद्यार्थ्यांची टोळकी येऊन त्या बाकाचं चित्र काढणार. बाकावर बसणार मात्र नाहीत. ते हसले, मग हसू थांबलं, मग पुन्हा आलं.

शनिवारी कपडे वाळवायच्या खोलीत ओल्या चादरींचा वास होता. स्वेन्याने प्रस्ताव वाचला, पण जीव नसल्यासारखा, आणि रेन्चलर यांच्याकडे बघून ओशाळून हसली. मग ते उठले. सगळ्यांनी खुर्च्या सावरल्या. आता अर्धा तास तरी, असा एक निमूट निश्चय चेहऱ्याचेहऱ्यांवर पसरला. अक्सोय यांनी कात्री खिशात टाकून हात बांधले.

“माझा नकाशा मी मागे घेतोय,” रेन्चलर म्हणाले. “कोनाड्याला दार लावा. चांगलं रुंद लावा, जुळ्यांची गाडी आहे. वळणाला हात लावायचा नाही.”

एका चादरीतून पाणी टपकत होतं.

“झालं?” क्यूब्लरबाईंनी विचारलं.

“झालं.”

“भाषण?”

“नाहीये.”

हात वर झाले, सगळेच्या सगळे. बाईंचा हात सगळ्यात आधी गेला आणि सगळ्यात उशिरा खाली आला. कोनाडा गेला. जन्मभराचा कोनाडा हाताच्या एका फेरीत गेला, आणि रेन्चलर यांना हलकं वाटत होतं, इतकं की त्यांना स्वतःचाच संशय आला. इर्मेलाला आज सांगायला हवं होतं. तिचे खांदे हलले असते.

संध्याकाळ व्हायच्या आत पाटी पोचवायची होती. त्यांनी ती आपल्या दारावरून काढली, धडपा घेऊन पुसली, आणि खाली निघाले, कारण पुढची पाळी क्यूब्लरबाईंची. पण बाईंचं दार उघडंच होतं आणि बाई दारात नव्हत्या. त्या वळणावर होत्या. अक्सोय होते. स्वेन्या होती, आणि ठोकळ्यावर आलुबुखाराच्या केकचं ताट होतं, आणि सगळ्यांच्या हातात काही ना काही काम होतं: बाईंच्या हातात फडकं, अक्सोय यांच्या हातात कात्री, स्वेन्याच्या दोन्ही हातांत बाळं. रेन्चलर यांनी पाटी पुढे केली. बाईंनी ती घेतली नाही. बाजूला सरकल्या, कडेला एका माणसापुरती जागा झाली. त्यांनी पाटी हातातच ठेवून कोपर टेकलं. सिमेंट उन्हाने कोमट झालं होतं.

“एक विचारू?” स्वेन्या म्हणाली. “या जागी हे असं करायचं कसं सुचलं तुम्हाला?”

आयुष्यभर पत्रकारांनी, विद्यार्थ्यांनी, नगरपित्यांनी त्यांना हेच विचारलं होतं आणि प्रत्येक कोनाड्यासाठी त्यांच्याजवळ लांबलचक उत्तर असायचं. त्यांनी खिडकीबाहेर पाहिलं. खाली दिवे लागायला लागले होते.

“सुचलं नाही,” ते म्हणाले. “चुकलं.”

बाईंनी केकचा मोठा तुकडा कापला आणि त्यांच्या रिकाम्या हातावर ठेवला.

“मग आणखी थोडं चुकायला काय झालं होतं तुम्हाला?” त्या म्हणाल्या.